वीसपैकी वीस

प्रत्येक यशस्वी अभियंत्यामागे मार्गदर्शक प्राध्यापकाचा हात असतो, आणि तो हात नेमका कधी, किती वेळ होता हे तीन प्रतींत लिहून द्यावं लागतं. खालापूरजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने ही व्यवस्था फार मायेने उभी केली आहे. प्रत्येक प्राध्यापकाला वीस विद्यार्थी मिळतात. चार वर्षांनी विसांचीही नियुक्तिपत्रं फायलीला लागली, तर मार्गदर्शन झालं असं समजतात आणि प्राध्यापकाचा करार वाढतो. एकोणीस लागली, तर मार्गदर्शन झालेलंच नसतं.

नाझिया मॅडमची एकोणीस लागली होती. मुदत शनिवारपर्यंत.

विसावा गजानन, म्हणजे गजा. तिसऱ्या सत्रात गणितात आपटून तो कॉलेज सोडायला निघाला, तेव्हा मॅडमनी घरचा जळका मिक्सर त्याच्यापुढे ठेवला. "हा चालू करून दे, मग जा." (मार्गदर्शन डायरीतली नोंद : 'समुपदेशन, वीस मिनिटे.') मिक्सर चालू झाला, गजा गेला नाही. डिग्री हातात पडेपर्यंत कळंबच्या बाजूच्या बावीस रिसॉर्टांचे पंप त्याच्या जिवावर चालू लागले होते.

थोडक्यात, गजा बेकार होता.

"गजानन, कुठेतरी नोकरी धर रे," मॅडमनी फोन केला.

"मी नोकरी धरली तं माज्याकडच्यांनी काय धरायचं, मॅडम? चार जण हायत. त्यातले तीन तुमचेच."

हे खरं होतं. एकोणीसपैकी तीन नियुक्तिपत्रांवर सही गजाचीच होती. विभागप्रमुख राजेश सरांनी हा मुद्दा सहानुभूतीने ऐकला.

"नोकरी देणारा निराळा आणि नोकरी लागलेला निराळा, मॅडम. देणाऱ्याला फॉर्मात रकाना नाही."

"त्याने स्वतःलाच पत्र दिलं तर?"

"मुलाखत कोण घेणार?"

शनिवार गेला. करारही गेला. सोमवारी गजा टेंपो घेऊन मॅडमच्या दारात हजर.

"पंप मी बसवतो, पण केवढा बसवायचा ते आजून तुमालाच इचारतो. आता रीतसरच या."

"मुलाखत नाही घ्यायची?"

"चार वर्सं तीच तं घेत होतो."

मॅडमनी गजाने दिलेल्या पत्राची प्रत कॉलेजात नेऊन दिली. राजेश सरांनी ती दोनदा वाचली. मॅडम याच महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थिनी; कोणत्या सालच्या, याला फॉर्मात रकाना नाही. नियुक्तिपत्र आहे, सही-शिक्का आहे, तारीखही शनिवारचीच आहे. वीसपैकी वीस.

मार्गदर्शन संपूर्ण यशस्वी ठरल्याने मॅडमचा करार वाढवणं संस्थेला भाग पडलं. मात्र त्या कामावर परतल्या असत्या, तर गजाकडची नोकरी सुटून आकडा पुन्हा एकोणीसवर आला असता आणि करार रद्द झाला असता. सबब, त्यांनी येऊ नये अशी सन्मानपूर्वक विनंती करण्यात आली.

कर्जतच्या चारफाट्यावर आता मॅडमचा मोठा फलक आहे : 'आमची यशस्वी माजी विद्यार्थिनी'. खाली बारीक अक्षरांत मार्गदर्शकाचं नाव. तेही त्यांचंच.

परवा सुट्टीला जाताना आपण तिथे गाडी थांबवून फलकावरचा प्रवेशासाठीचा फोन नंबर टिपून घेतलात. मागच्या सीटवर आपला मुलगा खेळण्यातली मोटार उघडून तिची तार दाखवत काहीतरी विचारत होता. आपण त्याला गप्प बसायला सांगितलंत. त्याच्याच भविष्याचं चाललं होतं.