हैबतरावांच्या त्रेसष्ट मेणबत्त्या

निडी गावच्या हैबतरावांनी उभ्या आयुष्यात वाढदिवस म्हणून केला नव्हता. त्रेसष्टावा करायचं ठरलं, कारण बासष्टाव्या वर्षी ते जवळजवळ गेलेच होते. सप्टेंबरात भाताच्या खाचरात तण काढताना ताप भरला, तो ताप लेप्टोस्पायरोसिसचा निघाला, तो फुप्फुसात उतरला, आणि पनवेलच्या एका इस्पितळात अकरा दिवस व्हेंटिलेटरवर काढून हैबतराव परत आले. अठरा किलो वजन तिथंच ठेवून आले. (पँट आता कमरेला नव्हे, देवाच्या भरवशावर राहते, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगत.)

ते अकरा दिवस गिरजाबाई आयसीयूबाहेरच्या लोखंडी बाकड्यावर बसून होत्या. नवऱ्याला घरी आणलं, तरी मनानं त्या बाकड्यावरून उठल्याच नाहीत. हैबतराव परसात गेले, की मागं गिरजाबाई. ओटीवर बसले, की समोर गिरजाबाई. शिंकले, की बोटाला ऑक्सिमीटर. जानेवारीत शेतातला वाल शेंगांनी वाकला, पण मालकाला बांधापर्यंत जायची परवानगी नव्हती. पेणहून गिरजाबाईंची बहीण चंद्रावती सारखी बोलवायची, तिला एकच उत्तर मिळायचं, "यांना टाकून कशी येव गो?"

शेवटी हैबतरावांचा संयम सुटला. एका सकाळी चहा पिता पिता ते म्हणाले, "माझा वाढदिवस करू या. केक आणू."

"करू की," गिरजाबाई म्हणाल्या. "पण मेणबत्ती अक्षय विझवंल. तुमाला दम लागंल."

अक्षय म्हणजे मुलगा. त्यानं आपली मेणबत्ती विझवायची, हे हैबतरावांच्या फार वर्मी लागलं.

"एक नाय, त्रेसष्ट लावा! एका फुंकरीत विझवतो. विझल्या, तर तू माझ्या मागं फिरायचं सोडायचं."

"आन नाय विझल्या तर?"

"तर तू म्हणशील तिथं बसतो. वर्षभर."

गिरजाबाईंनी कप खाली ठेवला. "कबूल."

त्या दिवसापासून सराव सुरू झाला. डॉक्टरांनी फुप्फुसाच्या व्यायामाला दिलेल्या तीन चेंडूंच्या यंत्रातून श्वास ओढायचा, आणि मग दिसेल त्यावर सोडायचा. टेबलावरचे कागद उडाले, मांजर उठून गेलं. एकदा तर त्यांनी सुनेचा, वैशालीचा, पेटता गॅस विझवून दाखवला. (त्यावर वैशाली जे बोलली, ते ती शाळेत शिकवताना मुलांसमोर नक्कीच बोलत नसणार.)

वाढदिवसाच्या सकाळी अक्षयबरोबर ते पेणला गेले. अक्षय केकच्या रांगेत उभा राहिला आणि हैबतराव मेणबत्त्या निवडायला लागले.

"मजबूत दाखव," त्यांनी दुकानातल्या मुलीला सांगितलं. "केक अंगणात कापायचाय, वारा असतो. मध्येच विझल्या तर घरचे म्हणतील, वाऱ्यानं विझल्या."

"मग काका, या न्या. या सहजासहजी विझत नाहीत. लहान मुलांना फार आवडतात."

"दे त्रेसष्ट," हैबतराव म्हणाले. मुलांना का आवडतात, एवढं विचारलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती.

संध्याकाळी पाचला अंगणात केक मांडला. त्रेसष्ट मेणबत्त्या खोचल्यावर तो केक कमी आणि साळिंदर जास्त दिसत होता. शेजारच्या धोंडुबाई पोराबाळांसकट आल्या. हैबतरावांनी छाती भरून घेतली, एक हात पँटवर ठेवला आणि फुंकर मारली.

सगळ्या विझल्या! टाळ्या झाल्या. हैबतरावांनी मिशीवरून हात फिरवत गिरजाबाईंकडं पाहिलं.

"कोपऱ्यात एक राहिली वाटतं," धोंडुबाई म्हणाल्या.

हैबतरावांनी तीही विझवली. तेवढ्यात पलीकडच्या चार पेटल्या. त्या विझवेपर्यंत मागच्या पंधरा. मान वळवून वळवून ते फुंकत राहिले. चेहरा लाल झाला, मग जांभळा. पण थांबतील तर हैबतराव कसले! वर्षभर ओटीवर बसायची शिक्षा समोर ढणाढणा पेटत होती.

"बस करा!" गिरजाबाई ओरडल्या. "अवो, बस! मी हरले!"

"थांब... दोनच... राहिल्यात..." हैबतराव धापा टाकत म्हणाले, आणि त्या क्षणी सगळ्या त्रेसष्ट पुन्हा पेटल्या.

अक्षयनं पुडकं उचलून वाचलं. "बाबा, या मॅजिक मेणबत्त्या हायत! विझून परत पेटतात!"

पण गिरजाबाईंनी तोवर पाण्याचा हंडा उचलला होता. तो केकवर रिकामा झाला, आणि अर्धाअधिक हैबतरावांवर. मेणबत्त्या एकदाच्या विझल्या.

गिरजाबाईंनी आतून ऑक्सिमीटर आणून नवऱ्याच्या ओल्या बोटाला लावला. सगळे श्वास रोखून उभे. सत्त्याण्णव! मग मात्र त्या पायरीवर मटकन बसल्या. हैबतरावांनी ऑक्सिमीटर काढून त्यांच्या बोटाला लावला. नाडी एकशेचौतीस.

"गो, माझं बरं हाय. आजारी तर तू दिसतेस."

त्यावर चार महिने न रडलेल्या गिरजाबाई रडल्या. "त्या बाकड्यावर बसून देवाला रोज म्हणायची, यांना एकदा माझ्यावर खेकसू दे, मग काय नको." पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "आन तुमी फुंकत बसलात!"

हैबतराव ओल्या कपड्यांनिशी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. हंड्याच्या पाण्यातून वाचलेला केक धोंडुबाईंच्या पोरांनी चमच्यानं खाल्ला.

गिरजाबाई शब्दाला पक्क्या. दुसऱ्याच दिवशी त्या चार दिवसांसाठी पेणला बहिणीकडं गेल्या. हैबतराव एकटे शेतावर गेले, बांधावर बसून वालाच्या कोवळ्या शेंगा खाल्ल्या. येताना त्यांनी दोनदा मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

चारांचे आठ दिवस झाले. गिरजाबाईंचा फोन येईना. नवव्या दिवशी संध्याकाळी हैबतरावांनीच लावला. शेत बरं आहे, जेवण बरं आहे, सगळं सांगून झालं. मग फोन तोंडाजवळ धरून ते दोनदा खोकले. आवाज जरा खोल काढून म्हणाले, "गो, खोकल्यासारखं वाटतंय बघ."

"व्हय? फडताळात लवंग हाय, चघळा," गिरजाबाई म्हणाल्या. "आमी दोघी सिनेमाला चाललोत. रिक्षा उभी हाय." आणि फोन ठेवला.

हैबतराव लवंग शोधायला उठले. तीही सापडली नाही.