नवरदेवाचा कान

"अक्षता इथं काढून ठेवा," पद्माकर हॉलच्या दारात आडवा उभा राहून सांगत होता. "जाताना परत देतो. तांदूळ कुठं पळून जात नाहीत."

नवरीकडच्या बायका कुरकुरत पर्समधून पुड्या काढत होत्या. एका मावशींनी तर रुमालाच्या गाठीत लपवलेली पुडी शेवटी नाइलाजानं सोडली. लंडनच्या हाउन्सलोत जन्मभर बस चालवलेल्या माणसाला लोकांना दारात अडवायची सवय असते. गरम चिप्स घेऊन चढणाऱ्या पोरांना त्यानं असंच अडवलं होतं.

आता बस सुटली होती. रिटायर होऊन पद्माकर घरी बसला, तेव्हा थोड्याच दिवसांत बायको वैजयंती म्हणाली, "अहो, भांडी कशी लावायची ते मला शिकवू नका. बाहेर जा आणि कुणाला तरी काहीतरी सांगा." नेमकी तेव्हाच कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, लग्न लावणारी माणसं हवी होती. पद्माकरची शाळा अर्ध्यात सुटलेली, पण आवाज खणखणीत आणि माणसांचा कंटाळा नाही. कौन्सिलनं त्याला घेतलं, ट्रेनिंग दिलं, टाय बांधायला लावला.

आणि हे काम त्याला इतकं आवडलं की विचारू नका. जन्मभर माणसं त्याच्या पाठीमागं बसली होती. इथं सगळी त्याच्याकडं तोंड करून बसायची, वर हसायची. रोज सकाळी टाय बांधताना तो मनातल्या मनात कौन्सिलचे आभार मानायचा.

आतापर्यंत तो शिकाऊ म्हणून शेजारी उभा राहायचा; आज पहिल्यांदाच स्वतः लग्न लावणार होता. शेजारच्या टेबलाशी मॉरीन बसलेली. लग्नाची नोंद करणं तिचं काम, आणि पद्माकरची परीक्षा घेणारीही तीच. आजचं नीट पार पडलं तर नोकरी पक्की. नाहीतर परत घरी, भांड्यांपाशी.

"दोनच गोष्टी विसरू नका," मॉरीननं सकाळी बजावलं होतं. ती बोलली इंग्रजीत, पण आपण मराठीतच ऐकू. "सिव्हिल लग्नात धर्माचं काही चालत नाही. आणि कुणावर जबरदस्ती होतेय अशी नुसती शंका आली, तरी थांबायचं."

लग्न तनिषा आणि कुशचं. दोघं इथंच जन्मलेली, आणि दोघांना एवढंच लग्न हवं होतं. होम नको, अंतरपाट नको. तनिषाच्या आईनं, आसावरीबाईंनी, ते कसंबसं गिळलं होतं. त्यांनी टेबलावर मांडलेला छोटा गणपती पद्माकरनं हात जोडून, माफी मागून, पुन्हा त्यांच्या पिशवीत ठेवला.

"मग आम्ही करायचं तरी काय?" आसावरीबाई म्हणाल्या. "स्टॉपवर बसल्यासारखं बसून राहायचं?"

"बसा ना ताई. ही बस वेळेवर येते."

सुरुवात झकास झाली. पद्माकरचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचला. 'या लग्नाला कायद्यानं काही अडचण असेल तर आत्ता सांगा,' असं म्हणून तो थांबला, कारण इथं थांबायचं असतं. हॉल चिडीचूप झाला.

त्या शांततेत तनिषाचा भाऊ शार्दूल उठला. रोज जिमला जाणारा, दारातून तिरका होऊन शिरावा असा गडी. तो तडक पुढं आला, त्यानं कुशचा कान धरला आणि पिळला.

पहिल्या रांगेत टाळ्या पडल्या. कानपिळी ती. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, बहिणीला नीट सांभाळ म्हणून, आणि नवरदेवानं त्याला मानाचे कपडे द्यायचे. आसावरीबाईंनी सगळं सोडलं होतं, पण एवढं एक ठेवलं होतं. हे धर्मात मोडतं असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही, म्हणून त्यांनी कुणाला विचारलं नाही. शार्दूलनं मात्र कानपिळी कधी पाहिली नव्हती. किती पिळायचं, हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

कुश गुडघ्यात वाकला. "ओके, ओके. काय पाहिजे ते देतो, सोड."

मॉरीननं पेन खाली ठेवलं. "थांबवा हे."

तिनं पद्माकरला आणि शार्दूलला बाहेर पॅसेजमध्ये घेतलं.

"तू त्याला का धरलंस?" तिनं शार्दूलला विचारलं.

"मॉमनं सांगितलं."

"आणि यात तुला काय मिळतं?"

"सूट," शार्दूल प्रामाणिकपणे म्हणाला.

"सूट कबूल करेपर्यंत सोडायचं नाही?"

"नाही. काकू म्हणाली, लगेच सोडलंस तर शर्टावर भागवतील."

पद्माकरनं डोळे मिटून घेतले. मॉरीन त्याच्याकडं वळली. "हा धार्मिक विधी आहे का?"

पद्माकरनं दोन्ही उत्तरं मनात घोळवून पाहिली. हो म्हणावं तर सिव्हिल लग्नात धर्म घुसला, लग्न बंद. नाही म्हणावं तर भरल्या हॉलमध्ये कान पिळून माणसाला लग्नाला उभं केलं, तरी बंद. वेम्बलीच्या हॉटेलात जेवण सांगून ठेवलेलं, आणि पुढच्या लग्नाची नवरी दाराच्या काचेतून डोकावत होती.

"धार्मिक तसं नाही," तो म्हणाला. "तेवढ्यापुरता भटजीसुद्धा गप्प बसतो."

"मग काय आहे?"

"मेव्हणा आहे."

मॉरीनला हसू आलं नाही. पद्माकरनं घसा खाकरला. "गेल्या शनिवारी इथं ज्याचं लग्न लागलं, त्याला एकच भुवई होती. दुसरी मित्रांनी लग्नाआधीच्या पार्टीत दारू पाजून भादरली, वर त्याला दिव्याच्या खांबाला बांधलं. त्याला आपण काही विचारलं नव्हतं. मी आपलं शिकायचं म्हणून विचारतो."

"ते त्याचे मित्र होते."

"हा तर घरचा."

मॉरीननं दार उघडून कुशला बोलावलं. "तरी मी त्याला एकट्याला विचारणार," ती म्हणाली आणि कुशला घेऊन बाजूच्या खोलीत गेली.

इकडे हॉलमध्ये आसावरीबाई रडकुंडीला आल्या होत्या. "म्हणत होते ना, अक्षता राहू द्या. निदान पोराचे हात गुंतले असते."

"मॉम, पण किती हार्ड पिळायचा असतो?" शार्दूल हळूच म्हणाला.

"मला काय माहीत? तुझ्या बाबांचा पिळला तेव्हा मी मुंडावळ्या सावरत होते."

तनिषा भावाकडं बघतसुद्धा नव्हती. पद्माकर टेबलाशी एकटाच उभा होता. सगळी माणसं त्याच्याकडं तोंड करून बसली होती, आणि हसत कुणीच नव्हतं.

आत काय झालं ते कुशनं नंतर जेवताना सगळ्यांना सांगितलं. मॉरीननं विचारलं, शार्दूलची भीती वाटते का? कुश कान चोळत म्हणाला, "दोन वर्षं तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. त्याच्या बहिणीला मी आवडलो, हे त्याला आवडलं नव्हतं. आज तो स्वतः उठला आणि सगळ्यांसमोर माझा कान धरला. दुखलं. पण ज्याला घरात घ्यायचं नाही, त्याचा कान कोण कशाला धरेल?"

"म्हणजे तुला लग्न करायचंय?"

"दुसरा कानही देतो."

मॉरीन बाहेर आली ती चष्मा पुसत. "पहिल्यापासून सुरू करा," तिनं पद्माकरला सांगितलं.

पद्माकरनं पहिल्यापासून सुरू केलं. अडचणीचा प्रश्न विचारून तो थांबला तेव्हा अख्ख्या हॉलनं शार्दूलकडं पाहिलं. शार्दूल स्वतःच्या हातांवर बसला होता. एक कान लाल, एक गोरा, असा कुश मोठ्यानं हो म्हणाला, आणि तनिषा त्याच्याहून मोठ्यानं.

सगळे गेल्यावर पद्माकर खुर्च्या सरळ करत होता. काय ऐकायला मिळेल याचा धसका होता, म्हणून एकच खुर्ची त्यानं चारदा सरळ केली.

"सोमवारी वेळेवर या," मॉरीन मागून म्हणाली. "दोन लग्नं आहेत."

"थँक यू," पद्माकर म्हणाला. आणि तीच खुर्ची त्यानं पाचव्यांदा सरळ केली.

मॉरीन दारापर्यंत गेली आणि परत आली. "जूनमध्ये माझ्या मुलीचं लग्न आहे," ती म्हणाली. "ते कानाचं. त्याला भाऊच लागतो का? तिला भाऊ नाही."

"नसला तर मामा चालतो. म्हणजे आईचा भाऊ."

"मलाही भाऊ नाही."

मग मॉरीननं पद्माकरच्या हातांकडं पाहिलं. जन्मभर बसचं स्टिअरिंग फिरवलेले हात होते ते.

"हळू पिळाल ना?" तिनं विचारलं.

"रीतीपुरतंच, ताई," पद्माकर म्हणाला.