हिरवं सत्तेचाळीस

"हिरवं सत्तेचाळीस! दुसरी हाक!" माइकवर क्लॅरी गरजला.

"माझंच!" नेव्हिल बाथरूमच्या दारातून ओरडला आणि तिथंच अडकला. पार्किन्सनचं हे असंच. उंबरठा दिसला की पाय जमिनीला चिकटतात.

हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या लॉन बोल्स खेळाच्या त्या क्लबात दर शुक्रवारी मांसाच्या ताटाची सोडत निघे. तिकिटं वेगवेगळ्या रंगांची, पण आकडे प्रत्येक रंगात तेच. विजेत्यानं तिसऱ्या हाकेआधी स्वतः यायचं, नाहीतर दुसरी चिठ्ठी. बावीस वर्षांत नेव्हिलला हाडूकही लागलं नव्हतं. त्यात हा आजार आल्यापासून तो वर्षभर इकडे फिरकलाच नव्हता. आठ आठवडे व्यायामाच्या वर्गाला जाऊन आज आला, तोही बायकोला बजावूनच, "डॉट, चारचौघांत अडकलो, तर पुन्हा इथं तोंड दाखवणार नाही."

"मोठं पाऊल, नेव!" डॉट म्हणाली.

"मोठंच टाकतोय! पण डोक्यात!"

"ढकलू का मागून?" एकानं विचारलं.

"खबरदार!" डॉट कडाडली. "वर्गात शिकवणारी मलिया जमिनीवर पट्ट्या चिकटवते. त्या दिसल्या की हा ओलांडतो."

लगेच कुणीतरी बिअरच्या ग्लासाखालचे पुठ्ठे मांडले. पण क्लबचा गालिचा इतका भडक, की पुठ्ठे नक्षीत हरवून गेले.

क्लॅरी ताट घेऊन तणतणत खाली उतरला. "नियम म्हणजे नियम! तिसरी हाक कधी देऊ मी?" असं म्हणत त्यानं दारापासून माइकपर्यंत, पावला-पावलावर, ताटातलं एकेक सॉसेज आडवं मांडलं. "चल. तुडवलंस तर तुझंच नुकसान."

नेव्हिलनं पहिलं ओलांडलं. "एक!" वर्गात शिकवल्यासारखं तो मोठ्यानं ओरडला. "दोन" सगळ्या क्लबानं म्हटलं. नऊ म्हणेपर्यंत तो क्लॅरीसमोर उभा होता.

क्लॅरीनं तिकीट पाहिलं. पुन्हा पाहिलं. "बरोबर. ताट तुझं."

ताटात चारच चॉप्स उरले होते. ते छातीशी धरून नेव्हिल म्हणाला, "उपकार झाले रे सगळ्यांचे. पुढच्या शुक्रवारीही येणार." त्याचे डोळे भरून आले होते.

सॉसेज गोळा करत डॉट क्लॅरीजवळ आली. "तिकीट गुलाबी होतं, क्लॅरी," ती हळूच म्हणाली.

"असेल. आज चष्मा विसरलोय."

चष्मा त्याच्या नाकावरच होता. आणि शर्टाच्या खिशातून एक हिरवं तिकीट डोकावत होतं. डॉटनं आकडा वाचला: सत्तेचाळीस. ताट खरं तर क्लॅरीलाच लागलं होतं.

"रविवारी जेवायला ये," ती म्हणाली. "सॉसेज धुऊन घेते."

"दोनदा धू," क्लॅरी म्हणाला. "गालिचा चाळीस वर्षांचा आहे."