सीटला हात लावायचा नाही

"बाबा, गॅरेजमध्ये हीटिंग आहे का?" मिहीरने कॅल्गरीहून फोनवर विचारले.

विजय सबनीसांनी गॅरेजकडे पाहिले. आखातातल्या अल गराफामधल्या त्यांच्या व्हिलाचे ते गॅरेज म्हणजे तीन भिंती आणि वर पत्रा. डिसेंबरचा शुक्रवार होता आणि बाहेर तेवीस डिग्री होते.

"नाही," ते म्हणाले.

"ओ नो! अनहीटेड गॅरेज इज द वर्स्ट, बाबा. थंडीत गाडी ठेवायची लिस्ट पाठवतो. त्याप्रमाणेच करा."

गाडी विभावरीची, त्यांच्या बायकोची होती. लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार, पन्नाशीत हट्टाने घेतलेली. फेब्रुवारीत विभावरी गेली आणि तेव्हापासून विजयराव त्या गाडीत बसले नव्हते. ते सहा फुटी, ती जेमतेम पाच फूट. बसायचे तर सीट मागे सरकवावी लागणार, आणि तिने शेवटची जिथे सोडली होती तिथून ती सीट हलू नये, एवढेच त्यांना हवे होते. दर शुक्रवारी कंपनीच्या बसचा ड्रायव्हर केरबा येई, गाडी पुसून पाच मिनिटे चालू करून जाई. कराडकडचा हा गोल, बुटका माणूस; विभावरीला गाडी शिकवायलाही तोच होता. त्याला एकच सूचना होती: सीटला हात लावायचा नाही.

आता विजयराव तीन महिन्यांसाठी मुलाकडे निघाले होते. विमान संध्याकाळचे होते. यादी आली तेव्हा केरबा गाडी पुसत होता.

"बॅटरी काढून उबदार जागी ठेवणे," विजयरावांनी वाचले.

"साहेब, ही यादी बर्फातली दिसतीया. हितं मला घाम आलाय."

"केरबा, तीस वर्षं मी गॅस प्लांटमध्ये काढली. प्रोसिजर आली की डोकं चालवायचं नाही."

मग केरबाने डोके चालवले नाही. एक्झॉस्टमध्ये मोजा कोंबला. गाडीचे इंजिन मागे होते, त्याच्या झाकणावर ब्लँकेट घातले. यादीत उंदरांसाठी डांबरगोळ्या आल्या तेव्हा मात्र तो म्हणाला, "हितं कुटलं उंदीर? मांजरंच मांजरं." तरी विजयरावांनी उजवीकडून वाकून आत वीस गोळ्या टाकल्या. विजयरावांची मोठी जीपही आत मावावी म्हणून केरबाने कार ढकलून डावीकडच्या भिंतीला पार चिकटवली आणि यादीत होते म्हणून पलीकडून हात घालून गिअरमध्ये टाकली. विजयरावांनी सवयीने रिमोटने दारे लॉक केली. केरबाने उघडून ठेवलेल्या पुढच्या डिकीतून बॅटरी काढली, डिकी लावली आणि बॅटरी गोधडीत गुंडाळून स्वयंपाकघरात नेऊन निजवली.

जेवायला बसताना विजयरावांनी खिसे चाचपले. गोळ्या टाकताना हातातले पासपोर्टचे पाकीट त्यांनी गाडीतच ठेवले होते.

रिमोट चालेना, कारण बॅटरी नव्हती. बॅटरी लावावी तर डिकी उघडेना, कारण डिकीचे बटण आत होते आणि बटणालाही बॅटरीच लागत होती. साधी किल्ली लागत होती फक्त ड्रायव्हरच्या दाराला; इथे ते डावीकडे, आणि भिंतीमुळे वीतभरच उघडत होते.

"काच फोडू?" केरबाने विचारले.

"तिच्या गाडीची?"

केरबा हातातला दगड खाली ठेवून शेजारच्या तसनीमला घेऊन आला. तसनीम चिपळूणची, शाळेत शिकवायची, अंगाने काडी. विभावरीबरोबर रोज याच गाडीतून शाळेत जायची.

"यल्ला, चला, बघू," म्हणत ती फटीत शिरली. डोके गेले, खांदा गेला, आणि कंबरेशी गाडी थांबली.

"विजयभाई, अडकले! सीट मागे घेऊ?"

"नाही!"

"मग मीच जाते तुमच्याबरोबर कॅनडाला, गाडीसकट! अहो, गोळ्यांचा वास मरणाचा येतोय!"

विजयराव भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांना विमान दिसत होते आणि सीटही दिसत होती. तसनीम शिंकली.

"घ्या मागे," ते हळू म्हणाले.

सीट खटकन मागे गेली. तसनीम आत घरंगळली. विजयराव बादली पालथी घालून तिच्यावर बसले आणि त्यांनी तोंड हातांनी झाकले.

केरबा समोर येऊन उभा राहिला. "साहेब, येक सांगू? ती सीट म्याडमची नव्हती."

"म्हणजे?"

"पयल्या शुक्रवारी सीट हलवाया नगं म्हणून भाईरनं वाकून हातानं क्लच दाबाया गेलो. कंबर धरली. दोन दिस बस चालवली न्हाई. तवापास्नं आत बसतुया. पोट मावंना म्हणून मागं घेतली. आता होती ती माझी सीट."

"दहा महिने मी तुझी सीट जपली?"

"लई वाईट वाटायचं, साहेब. पन तुमी दर बारीला काचंतनं बगायचा. सांगू कसं?"

"मग तिची कुठे होती?"

उत्तर गाडीतून आले. तसनीमने सीट खट, खट, खट करत पार पुढे ओढली. "ही इथे. नाक स्टिअरिंगला टेकायचं. मी म्हणायची, ताई, गाडी चालवताय की वास घेताय?"

विजयरावांच्या तोंडून आधी हुंदक्यासारखे काहीतरी आले आणि मग ते हसू निघाले. ते बरेच हसले. नंतर त्यांनी डोळे पुसले.

तसनीमने पाकीट दिले, गिअर काढला, आणि केरबाने गाडी ढकलून अंगणात आणली. आता दार पूर्ण उघडले. तसनीम बाहेर पडली तसे विजयराव सीट न हलवता आत शिरले. गुडघे कानाशी आले, पोट स्टिअरिंगखाली गेले. मग निघायला लागले, तर निघता येईना.

"साहेब, सीट मागं घेतल्याबिगर तुमी सुटत न्हाई," केरबा चाचरत म्हणाला.

"घे. मला बसेल इतकी घे."

खटखट करत सीट मागे गेली. विजयरावांचे पाय लांब झाले. आता उतरता येत होते, पण ते उतरले नाहीत. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"बॅटरी नसली म्हणून काय झालं? एक फेरी मारू. ढकल."

केरबाने आणि तसनीमने जोर लावला. गाडी हलेना. दोघांनी पुन्हा खांदा लावला. मांजरे भिंतीवर येऊन बसली. शेवटी तसनीम मागून ओरडली, "विजयभाई, ब्रेकवरचा पाय काढा आधी!"