क्ष-किरण यंत्राची स्वारी आणि तुळाजीचा ताईत

श्री. जो उजेडाचा धनी आणि अंधाराचाही धनी, त्यास प्रथम नमस्कार. शके अठराशे साठ, बहुधान्यनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी राज्यात जे अघटित वर्तले, ते ऐकणारांनी सावध चित्ते ऐकावे. राज्याचे नाव लिहीत नाही. नकाशावर ते आता नाही, आणि ज्यांनी हा प्रकार डोळ्यांनी पाहिला त्यांपैकी आम्ही एकदोघीच राहिलो.

ते साली श्रीमंत सरकारांनी विलायतेहून क्ष-किरणांचे यंत्र मागविले, आणि ते आगबोटीने बंदरास उतरले, आणि मोटारलॉरीवर बसून घाट चढू लागले, आणि अर्ध्या घाटात लॉरी दमली तेव्हा तिलाच बैल जुंपून राजधानीस आणिले. वेशीवर सुवासिनींनी पेट्यांवरून दहीभाताचा मुटका उतरून टाकला. आत काय आहे हे कोणास ठाऊक नव्हते, परंतु जे असेल ते तृप्त असावे असे सर्वांस वाटले. मग दवाखान्यात एक खोली काळ्या पडद्यांनी अंधारी केली, आणि अंगणात तेलाचे इंजिन बसविले, आणि ते धडधडू लागताच तबेल्यातील घोड्यांनी दावी तोडली. राजवाड्यात बायकांची कुजबूज जाहली.

"अगो, ते यंत्र म्हणे लुगडेबिगडे काही जुमानत नाही. पार आतले दिसते!"

"हाडे दिसतात गो, हाडे."

"मग दिसोत. माझी हाडे तेवढीच काय ती सडपातळ आहेत."

दवाखान्याच्या डॉक्टरीण द्वारकाबाई मुंबईस शिकून आलेल्या, पांढरे पातळ नेसणाऱ्या, मोजके बोलणाऱ्या. त्यांनी दरबारास विनविले की परीक्षेसाठी कोणी एकाने हात पुढे करावा. कोणी करीना. मग कारभारी दाजीसाहेब पुढे जाहले आणि म्हणाले, "हा हात आजवर सगळ्यांच्या नजरेत खुपतच आला आहे, आता यंत्रालाही पाहू द्या." मग इंजिनाचा सूर चढला, खोलीत निळसर ठिणगी कडाडली, आणि काही वेळाने द्वारकाबाईंनी ओली फिल्म बाहेर आणून खिडकीच्या उजेडात धरिली. तो काय सांगावे! मांस धुक्याप्रमाणे विरलेले, आणि त्या धुक्यात कारभाऱ्यांची पाचही बोटे हाडांची, आणि अनामिकेच्या हाडाभोवती अंगठी कशालाही न टेकता तरंगते आहे. दरबार चित्रासारखा स्तब्ध जाहला. पगडी सारखी करण्याचे भान कोणास राहिले नाही. कारभाऱ्यांच्या कुटुंबाने पदर तोंडाशी नेला आणि म्हणाल्या, "मागाहून जे राहायचे ते आधीच पाहिले, बाई!" सरकारांनी हात जोडले. ते यंत्रास जोडले की आतल्या हाडांस, हे त्यांनी सांगितले नाही.

आता मुख्य मजकूर. त्याआधी थोडे दिवस सरकारांची कन्या, नऊ वर्षांच्या ताईसाहेब, तट्टावरून पडल्या होत्या आणि उजवा हात कोपराखाली मोडला होता. तो राज्याचे हाडवैद्य तुळाजी यांनी बसविला होता. तुळाजींच्या घरात हाडवैद्यकी बापापासून मुलाकडे आलेली, आणि त्याबद्दल नदीकाठचा मळा इनाम होता. त्यांची रीत अशी की हाड बसवून बांबूच्या कामट्या बांधाव्या आणि मोडल्या जागेवर देवीचा तांब्याचा ताईत आवळावा. आणि ज्याने बांधला त्यानेच, हाड सांधले अशी खात्री जाहल्यावर सोडावा, इतर कोणी हात लावू नये. सोडला आणि हाड वाकडे निघाले, तर त्या घराण्याची हाडवैद्यकी तिथेच संपली, मळा सरकारजमा, असा करार होता. परंतु ताईसाहेबांस तळहात उताणा करिता येईना, घास तोंडाशी नेता येईना, आणि त्या रडून विचारीत, "तुळाजीबा, मला लगाम धरता येईल ना?" तुळाजी म्हणत, "धराल, ताईसाहेब. दम धरा." आणि बाहेर येऊन आपलीच बोटे चाचपीत बसत.

मग सरकारांच्या आज्ञेने ताईसाहेबांचा हात यंत्रापुढे ठेविला. सरकारांच्या मातोश्री आईसाहेब पडद्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी निक्षून सांगितले की ताईत निघणार नाही, देवीचा आहे. द्वारकाबाई म्हणाल्या, "आईसाहेब, तांब्यातून किरण जात नाही."

"देवीतून न जाणारा तुमचा किरण, तो काय कामाचा?"

तसाच फोटो घेतला. फिल्म धुऊन निघाली, तो मनगटापासून हाड लख्ख दिसे, कोपरापासून लख्ख दिसे, आणि नेमक्या मोडल्या जागी ताईताचा पांढराशुभ्र चौकोन, दार लावून घेतल्यासारखा. आईसाहेबांस हर्ष जाहला. "पाहिलेत? देवीने झाकले. तिची इच्छा नाही." सगळ्यांनी माना डोलाविल्या. ताईत सोडणे द्वारकाबाईंच्या हाती नव्हते, बांधणाऱ्यानेच सोडावा अशी रीत होती. आणि तुळाजींचे घर वाचले, मळा वाचला, असे सर्वांस वाटले.

परंतु तुळाजी फिल्मीपुढून हलेनात. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांची हाडे कातडीवरून चाचपली, बोटांनी ऐकली, परंतु जित्या माणसाचे हाड डोळ्यांनी कधी पाहिले नव्हते. त्यांनी आपले बोट फिल्मीजवळ नेले आणि न टेकवता मनगटापासून वर नेत नेत चौकोनापाशी थांबविले. मग चौकोनाच्या पलीकडून पुन्हा खाली आणिले. दोन्ही वाटा एका रेषेत येईनात. हे त्यांस कळले आणि द्वारकाबाईंस कळले. बाकी कोणास कळले नाही. मग तुळाजी ताईसाहेबांपाशी गुडघ्यावर बसले आणि ताईताची गाठ सोडू लागले.

कारभारी दचकले. "तुळाजी! शुद्धीवर आहात काय? मळा जाईल!"

"जाईल, दाजीसाहेब."

"घराणे जाईल!"

"मुलीचा हात जातो आहे, त्याचे काय?" तुळाजी म्हणाले. गाठ दातांनी सोडविली आणि ताईत आईसाहेबांच्या पायांशी ठेविला. "काढा, डॉक्टरीणबाई, दुसरा फोटो."

दुसरी फिल्म आली, ती द्वारकाबाईंनी पाहिली आणि कोणास न दाखविता प्रथम तुळाजींच्या हाती दिली. त्यांनी ती उजेडात धरिली. हाड तिरपे सांधू लागले होते, घाईत रचलेल्या विटांसारखे. तुळाजींनी कोणी विचारण्याआधी मोठ्याने सांगितले, "वाकडे बसले. माझ्या हातून चुकले." आणि मग, हे आम्ही आमच्या कानांनी ऐकिले, हलकेच म्हणाले, "पण किती देखणे असते हो हाड!"

आईसाहेब संतापल्या; म्हणाल्या, करार तो करार. सरकार द्वारकाबाईंकडे वळले. त्या म्हणाल्या, "हाड अजून कच्चे आहे. गुंगीचे औषध मी देते, यंत्र मी चालविते. परंतु ते मोडून नीट बसविण्याचा सराव मला नाही. तुळाजीबाबांस आहे. आधी हात होऊ द्या, मग करार वाचा."

मग फिल्म खिडकीस टांगली, आणि तुळाजींनी एक नजर तिकडे, एक नजर हातावर, असे करीत हाड पुन्हा मोडिले आणि बसविले, आणि नुसत्या कामट्या बांधिल्या. अंगणात इंजिन धडधडले, तिसरा फोटो निघाला, आणि रेषा एक जाहली. सरकारांनी ती पाहिली, आईसाहेबांनी पदराआडून पाहिली, आणि कराराचा विषय त्या दिवशी कोणी काढिला नाही. फाल्गुनात ताईसाहेब तट्टावर बसल्या आणि उजव्या हाताने लगाम धरून वेशीबाहेर दिसेनाशा होईपर्यंत गेल्या. तुळाजी आपल्या मळ्याच्या बांधावर उभे राहून पाहात होते. ते इतकेच म्हणाले, "सावकाश, ताईसाहेब!"

पुढच्या साली आईसाहेब पायरीवरून घसरल्या आणि पाय धरून बसल्या. दासी तुळाजींस बोलवावयास धावली, तो आईसाहेबांनी तिला खेकसून थांबविले. "आधी फोटो, गो! फोटोवाचून तो हात लावीत नाही, आणि त्याच्यावाचून मी कोणास लावू देत नाही."

तात्पर्य, यंत्र आले, राज्याने आपले हाड पाहिले, एका माणसाने आपली चूक पाहिली, आणि मुलीचा हात सरळ जाहला. आम्ही पुढे आयुष्यात पुष्कळ यंत्रे पाहिली. परंतु त्या खिडकीच्या उजेडात भरला दरबार जसा मुका जाहला, तसा मुका जाहलेला माणूस मग फारसा पाहण्यात आला नाही. घडले तैसे लिहिले. लेखनसीमा.