रंगरावांचा नोंदणीकृत चेहरा

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही होतं. पाणी होतं, सावली होती, उंबराची झाडं होती. म्हणजे सुखात राहायला कुणाची काहीच हरकत नव्हती. अशा ठिकाणी कुणीतरी काहीतरी नवीन काढतंच.

तुम्ही मुलं नाही, हे मला माहीत आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचे गुडघे दुखतात. पण बोधकथा सांगणाऱ्याला समोर मुलं लागतात. मोठी माणसं मध्येच विचारतात, की अहो, तुमचं स्वतःचं काय झालं? मुलं तसं विचारत नाहीत.

तर त्या जंगलात एक कोकीळ आला आणि त्याने आभाळकवडी आणली. आणली म्हणजे दाखवली नाही. आभाळकवडी दिसत नाही, हाताला लागत नाही, खाताही येत नाही. तिला फक्त भाव असतो. एका कासवाने विचारलं, मग ती आहे कुठे? कोकीळ हसला आणि म्हणाला, की हे जुन्या विचारांचं लक्षण आहे. कासवाने मान आत घेतली. जुन्या विचारांचं म्हणवून घ्यायला कासवालासुद्धा आवडत नाही. मलाही आवडलं नव्हतं.

भाव सांगायचं काम सुतारपक्ष्याकडे होतं. वाळलेल्या सागावर बसून तो चोच आपटायचा. जितके ठोके, तितकी उंबरं एका कवडीला. पूर्वी तो किड्यांसाठी झाड कोरायचा. आता किडे त्याला घरपोच मिळत आणि तो दिवसभर नुसता भाव ठोकी.

ज्यांना तो साग लांब पडे, त्यांच्यासाठी रातकिडा होता. तो घरी नेऊन ठेवायचा. भाव हलला की तो किरकिरायचा. आपल्या गोष्टीतल्या रंगरावांनी पहिला रातकिडा सवयीने खाल्ला. दुसऱ्यासाठी अनामत भरावी लागली.

रंगराव म्हणजे सरडा. स्वभावाने चांगला, सरळ. सरड्याच्या मनात काय चाललंय ते त्याच्या अंगभर दिसतं. खूश असला की हिरवागार, घाबरला की काळपट तांबडा. त्यामुळे त्याला पत्ते खेळायला कुणी बोलवत नसे, आणि बायकोशी खोटं बोलणं त्याला जमत नसे.

त्याच्या बायकोचं नाव अनसूया. तिचे दिवस भरत आले होते. सरड्याच्या मादीला अंडी घालायला मऊ माती लागते आणि ते जंगल सगळं मुरमाड. खणायला जावं तर नखं तुटतात. एकच जागा बरी होती, वारुळामागे, हातभर. तिथली माती भुसभुशीत होती आणि सकाळचं ऊन बरोबर तिच्यावर पडे. रंगरावांच्या आईने अंडी तिथेच घातली होती, आजीनेही. ती जागा घराण्याची होती.

ती जागा रंगरावांनी कोकिळाला दिली आणि दहा कवड्या घेतल्या. भाव तेव्हा दहा ठोके होता. कोकीळ म्हणाला, शंभर उंबरं आणून दे, कधीही जागा परत घेऊन जा.

अनसूयेला त्यांनी विचारलं नाही. तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता म्हणे. असे धक्के मीही दिलेत. त्यातला एक आमच्या घरात अजून चालू आहे.

ज्याने जन्मात स्वतःचं घरटं बांधलं नाही, त्याच्याकडून जागेचा सल्ला घेऊ नये, हे रंगरावांना कळायला हवं होतं. पण कोकिळाचा आवाज गोड असतो. मी ज्याचा सल्ला घेतला, त्याचा तर आवाजही गोड नव्हता.

आता या कवड्या ठेवायच्या कुठे? त्यासाठी वडाची एक ढोली होती. विकायच्या झाल्या तरी तिथेच आत जाऊन विका म्हणायचं. पूर्वी तिच्या दारात प्रत्येकाने आपला गुप्त शब्द हळूच सांगायचा आणि आत जायचं. पण त्याच वडावर पोपट राहत. ते सकाळी उठून सगळ्यांचे गुप्त शब्द मोठ्याने म्हणत. शिवाय वानरं आपले शब्द विसरत आणि दुसऱ्याचा सांगून बघत. शेवटी शब्द बंद झाले. दारात पिंगळा बसवला. शब्द नको, खूण नको, पिंगळ्याला फक्त चेहरा दाखवायचा. एकदा पाहिलेला चेहरा पिंगळा विसरत नाही आणि कुणाचं ऐकत तर मुळीच नाही.

रंगराव नोंदणीला गेले त्या दिवशी भाव पंधरा झाला होता. ते नाकापासून शेपटीपर्यंत हिरवे होते. पिंगळ्याने पापणी न हलवता त्यांच्याकडे पाहिलं आणि नोंद झाल्याचं सांगितलं. रंगरावांना फार बरं वाटलं. आपल्याला कुणी इतकं नीट पाहिलं नव्हतं, असं ते घरी येऊन म्हणाले.

पुढे भाव वीस झाला. पंचवीस झाला. तीस झाला. रंगराव रोज हिरव्या अंगाने ढोलीत जात, रिकाम्या ढोलीकडे समाधानाने बघत आणि परत येत.

अनसूयेला एव्हाना सगळं कळलं होतं. रातकिडा घरात किरकिरत असताना किती दिवस लपणार? ती रागावली, मग हिशेबाला बसली. तिचा हिशेब सोपा होता.

"अहो, चार कवड्या विका नि जागा सोडवून आणा," ती म्हणाली. "बाकीच्या ठेवा हव्या तर."

"अगं, पन्नास होऊ दे. शेजारची जागापण घेऊ."

"मला फार तर चार दिवस आहेत."

"चार दिवसांत होतील पन्नास."

इथे तुम्ही म्हणाल, विकायचं ना मग तेव्हाच. बरोबर आहे. नंतर सगळे असंच म्हणतात. मी तर रोज म्हणतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठोके कमी झाले. सव्वीस. मग एकवीस. रंगराव धावत ढोलीकडे निघाले. अजून सगळं हातात होतं. दहाच्या वर भाव असेतो सगळ्या कवड्या विकून जागा सुटत होती.

पिंगळ्याने त्यांना दारातच अडवलं.

"मी रंगराव. रोज येतो."

"रंगराव हिरवे आहेत," पिंगळा म्हणाला. "तुम्ही तांबडे."

"भाव पडलाय, म्हणून तांबडा झालोय. मी तोच आहे."

"चोरही हेच सांगेल. ओळख पटली नाही. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा."

रंगरावांनी विनंती केली, की मग माझा तांबडा चेहराही नोंदवून घ्या. पिंगळ्याने अदबीने सांगितलं, की नोंद जरूर बदलता येते, त्यासाठी फक्त आधी जुन्या चेहऱ्याने आत यावं लागतं. रंगराव म्हणाले, की पूर्वीचा गुप्त शब्द सांगतो. पिंगळा म्हणाला, की शब्द तुमच्याच सुरक्षिततेसाठी बंद झालेत.

तेवढ्यात ससा आला, आत गेला, विकून बाहेर आला. तो तर थरथर कापत होता. पण ससा कितीही घाबरला तरी ससाच दिसतो.

रंगराव एका पानावर बसले. डोळे मिटून त्यांनी गुबगुबीत वाळव्यांचा विचार केला. मानेपर्यंत हिरवा रंग चढलाही. मग सागावरून अठरा ठोके आले आणि तो उतरला. असं तीनदा झालं. तीनदा पिंगळ्याने पुन्हा प्रयत्न करायला सांगितलं.

ते घरी गेले आणि अनसूयेसमोर उभे राहिले. सांगायची गरज नव्हती, अंगावर सगळं लिहिलेलं होतं. तिने ओल्या मातीचे दोन गोळे केले आणि त्यांच्या दोन्ही कानांत घट्ट बसवले. मग तिने रातकिडा खाल्ला. अनामत गेली. मग तिने त्यांना उन्हात बसवलं आणि पाठ खाजवत राहिली. तिला स्वतःला नीट बसवत नव्हतं. तासाभराने रंगराव हिरवे झाले.

ती त्यांना ढोलीपर्यंत सोडायला आली. दर दहा पावलांवर थांबत होती. कानातली माती काढायची नाही, आत जायचं, विका म्हणायचं, बाहेर यायचं, हे तिने खाणाखुणांनी दोनदा समजावलं.

पिंगळ्याने रंगरावांना ओळखलं. दार उघडलं.

त्या वेळी भाव तेरा होता. पुरेसा होता. रंगरावांनी विका म्हणायला तोंड उघडलं. पण मुलांनो, काय भावाला विकतोय हे माहीत नसताना कुणी विकेल का? त्यांनी एका कानातली माती काढली. एकाच.

पंधरा ठोके आले.

चढत होता! रंगराव आणखी हिरवे झाले. आता वळलाय म्हणजे पन्नास कुठे जात नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी दुसऱ्या कानातली माती काढली. सोळा ठोके आले. ते तोंड मिटून बसले.

मग नऊ आले.

पिंगळ्याने आत डोकावून पाहिलं, तर ढोलीत एक अनोळखी तांबडा प्राणी बसलेला. त्याने त्याला मानगुटीला धरून बाहेर फेकलं. रंगरावांच्या कवड्यांचं त्याने अगदी चोख रक्षण केलं, हे मान्य करायला हवं.

बाहेर अनसूया नव्हती. रंगराव तिला हाका मारत फिरले. वारुळामागे पाहिलं, तिथे नव्हती. शेवटी ती सापडली सुतारपक्ष्याच्या सागाखाली. एवढे दिवस वर भाव ठोकला जात होता आणि खाली भुसा पडत होता. त्याचा मोठा ढीग झाला होता, कोरडा, मऊ, उन्हाने तापलेला. सगळं जंगल वर कान लावून बसलं होतं, त्यामुळे खाली कुणी पाहिलं नव्हतं. अनसूयेने त्यात खड्डा केला होता आणि खड्ड्यात अकरा अंडी होती. ती दमून बाजूला पडली होती.

रंगरावांना रडू आलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "जागा गेली."

"ते नंतर," अनसूया म्हणाली. "आधी त्या बाजूने भुसा ढकला. आणि थरथरू नका, अंडी हलतील."

रंगराव भुसा ढकलू लागले. वर ठोके पडत होते. चार. तीन. एक. मग काहीच आलं नाही. शून्याला ठोका नसतो. सुतारपक्षी थोडा वेळ चोच उघडी ठेवून बसला आणि मग किडे शोधायला उडून गेला.

इतकी शांतता रंगरावांनी कित्येक दिवसांत ऐकली नव्हती. त्यांनी अंडी झाकली, वरून पायाने थापली. त्या वेळी ते हिरवे नव्हते आणि तांबडेही नव्हते, मातीसारखे होते. हाच आपला खरा रंग असणार, असं त्यांना वाटलं. पण त्याची नोंद कुठेच नव्हती.

नंतर जंगलात लक्षात आलं, की सगळ्यांनी घाबरून कवड्या विकल्या, विकल्या नाहीत त्या एका रंगरावांनी. त्यांचं नाव झालं. केवढा धीर, केवढी दूरदृष्टी! लांबलांबून तरणे सरडे त्यांना बघायला येऊ लागले. कोकीळही आला. तो आता अदृश्य सावली विकत होता. रंगरावांनी धीर या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी त्याची इच्छा होती. रंगरावांच्या अंगावर हळूहळू हिरवा रंग चढायला लागला.

"ते येणार नाहीत," अनसूया म्हणाली. "ते अंड्यांच्या पहाऱ्यावर आहेत."

तात्पर्य : कुलूप असं असावं, की ते धन्यालाही उघडता येऊ नये, कारण चोराने न्यावं असं जे काही होतं, ते धन्याने आधीच देऊन टाकलेलं असतं. आणि मुलांनो, भाव मात्र न चुकता बघत राहावा. तुम्ही वर बघत असता तेव्हा खाली थोडा भुसा साचतो, आणि घरातलं दुसरं माणूस त्यात संसार मांडतं. आमच्या घरी ते माणूस सध्या सकाळ-संध्याकाळ शिकवण्या घेतं, आणि मी बोधकथा लिहितो.