काबरीचं वासरू आणि माझं पागोटं

नात्यातल्या लग्नाला जायचं नाही, असं मी ठरवलं. हल्ली लग्नाच्या लापशीत तूप कमी आणि नवरदेवाच्या मामाची बडबड जास्त. शिवाय आमची काबरी आज-उद्या व्यायला टेकलेली. पहिलारू गाय, त्यात बायकोच्या माहेरची, म्हणजे घरात तिचा मान माझ्याहून वर. (हे रागानं लिहीत नाही. आमच्या अख्ख्या नेसाला ठाऊक आहे. सगळी मिळून चार झोपड्यांची वस्ती, लपणार काय?)

निघताना बायको, वाली, म्हणाली, "लाखाच्या बापा, काबरी व्याली तर लांब बसून बघा. हात लावू नका. तिचं ती बघेल."

"गायींत जन्म गेला माझा!"

"गायींचाही गेला बिचाऱ्यांचा, तुमच्यात," असं म्हणून ती पोराबरोबर छकड्यात बसली.

दुपार कलली आणि काबरी व्याली. कालवड. तांबूस, कानच कान. माघाचं वारं डोंगरावरून सुटलेलं. वासरू ओल्या अंगानं थडथडतंय, आणि काबरी आपली उभी, जणू शेजारणीचं कुणी पडलंय. मला दया आली असं समजू नका. राग आला. पोतं शोधलं तर वालीनं पोती कुठं कोंबलेली देव जाणे. मग डोक्याचं पागोटं सोडलं आणि कालवड पुसली. ते भिजलं तेव्हा अंगातलं केडियं काढून त्यानं पुसली. नाक, कान, खुरांच्या फटी, सगळं लख्ख. घरात नेऊन चुलीपाशी शेकली. ओलं केडियं परत अंगात चढवलं, पागोटं तसंच गुंडाळलं आणि लेकीला आईपुढं उभं केलं.

काबरीनं एकदा हुंगलं आणि लाथ झाडली. कालवड कोलमडली. पुन्हा नेली, पुन्हा लाथ. पिळून पाजावं तर गाय सडाला हात लावू देईना, पान्हा सोडीना. चीक पोटात गेला नाही तर कालवड रात्र काढणार नव्हती. (आणि वाली परत आल्यावर मीही.)

कालवडीला उचलायला वाकलो, तर मानेवर काहीतरी खरखरीत फिरलं. काबरी! मला चाटत होती. मान, कान, दाढी. वर मऊ आवाजात हंबरत होती. एवढ्या मायेनं मला आजवर कुणी हाक मारलेली नाही. मी सरकलो, ती सरकली. मी पळालो, ती मागं. आमच्या रानात काठी आपटून सिंहाला वाट सोडायला लावणारा माणूस मी, गायीच्या भीतीनं खाटेवर चढलो. तिनं खाटेवर मान टाकून माझे तळपाय चाटले.

कुंपणापलीकडून देवलमा बघत होती. नेसातली सगळ्यात थोरली म्हातारी.

"नाथा, नाचतोस काय रे?"

"गाय वेडी झालीय, देवलमा! वासराला लाथा मारतेय आणि मला चाटतेय!"

"वासरू कशानं पुसलंस?"

"पागोट्यानं. मग केडियानं."

म्हातारी हसत हसत कुंपणाला टेकली. काटे टोचले तरी हसू थांबेना. "अरे गाढवा, वासराचा वास सगळा तू घेतलास अंगावर. तिच्या मते तिला तूच झालायस!"

"मला दाढी आहे, देवलमा!"

"तिचं पहिलंच बाळंतपण. तिला काय ठाऊक वासरं कशी असतात? काढ कपडे आणि घाल त्या पोरीला."

"तुमच्यासमोर?"

"तुझी नाळ मीच कापली. तेव्हाही बघण्यासारखं काही नव्हतं."

काढले. कालवडीचे पुढचे पाय केडियाच्या बाह्यांत घातले, पागोटं तिच्या मानेला आणि पाठीला गुंडाळलं, आणि मी मागं सरलो. काबरीनं मला हुंगलं, फुरफुरत नाक मुरडलं. मग कालवडीला हुंगलं. हंबरली. चाटायला लागली. कालवड धडपडत कासेशी गेली. काबरीनं पाय उचलला. मी पुढं झेपावणार, तोवर तिनं पाय हळूच खाली ठेवला. आणि चुळूक चुळूक आवाज सुरू झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते वाऱ्यानं.

नेमका तेव्हाच छकडा आला. वाली, लाखा, लग्नाहून सोबत आलेले व्याही आणि त्यांच्याकडच्या बाया. आमच्यात पुरुष दारात उघड्या डोक्यानं दिसला की घरात कुणीतरी गेलं, हे विचारावं लागत नाही. वालीनं छकड्यातूनच हंबरडा फोडला. बायांनी छाती बडवायला घेतली. व्याह्यांनी स्वतःचं पागोटं उतरवलं आणि माझ्या उघड्या अंगाला मिठी मारली. गाय बिथरेल म्हणून मी ओठांवर बोट ठेवलं, हातानं खुणा केल्या.

"बघा गं, वाचाच गेली माणसाची!" म्हणत बाया आणखी जोरात रडू लागल्या.

काबरीचे कान ताठ झाले. कालवडीच्या तोंडातून सड सुटला.

"कुणी मेलं नाही!" मी दात-ओठ खाऊन म्हणालो. "गप्प बसा, कालवड पितेय!"

सगळं चिडीचूप. कालवडीनं पुन्हा सड धरला. वाली मटकन खाली बसली आणि पदरानं डोळे पुसत हसायला लागली. "जीव परत आला माझा! तुम्ही धडधाकट उभे दिसलात, काबरी मात्र दिसेना. म्हटलं, म्हणजे गेली ती काबरीच!"

पोट टम्म झाल्यावर कालवड आईला टेकून झोपली. मी देवीला हात जोडले. पण काबरी पागोट्याला हात लावू देईना, आणि दुसरं पागोटं लाखानं लग्नात हरवलेलं. त्यामुळं पुढं काही दिवस मी बोडका. वाटेनं जाणारा प्रत्येक जण थांबायचा, चेहरा पाडायचा आणि विचारायचा, "नाथाभाई, कोण गेलं?"

मी तोंड उघडायच्या आत ताक घुसळता घुसळता वाली आतून ओरडायची, "आमची अब्रू गेली, भाऊ! बाकी सगळे सुखरूप. ताक पिऊन जा."